हजेरी, खाडा आणि सवलत : गिरणीच्या भोंग्यापासून म्हैसूरच्या संगणक-संकुलापर्यंत

१. प्रस्तावना

कार्यालयात महिन्यातून किती दिवस प्रत्यक्ष यायचे, हा प्रश्न गेल्या काही वर्षांत माहिती-तंत्रज्ञान क्षेत्रातील कर्मचाऱ्यांच्या असंतोषाचे मोठे कारण ठरला आहे. बंगळुरू, म्हैसूर, पुणे, हैदराबाद येथील लाखो कर्मचारी २०२० ते २०२२ या काळात घरून काम करत होते. पुढे कंपन्यांनी त्यांना टप्प्याटप्प्याने परत बोलावले. हजेरीचे नियम कडक झाले, काही ठिकाणी ती पगाराशी जोडली गेली, आणि त्यावरून नाराजी उमटली.

ही नाराजी वरवर पाहता आजची, संगणकाच्या काळातली वाटते. परंतु हजेरीवरून मालक आणि कामगार यांच्यात झालेल्या ओढाताणीला आपल्याकडे दीडशे वर्षांचा इतिहास आहे, आणि त्याचा मोठा भाग मराठी कामगारांनी मुंबईत घडवला. प्रस्तुत घटकात आपण हा इतिहास क्रमाने पाहू आणि त्याच्या आधारे म्हैसूरमधील आजची परिस्थिती समजून घेऊ. वाचताना तीन प्रश्न सतत मनाशी ठेवावेत : हजेरी कोण मोजतो? तो नेमके काय मोजतो? आणि हजेरीचा नियम बदलताना कोणाला विचारले जाते?

२. शब्दांची साक्ष

‘हजेरी’ हा शब्द अरबी ‘हाजिर’वरून फारसीमार्गे मराठीत आला. हजर असणे म्हणजे समोर असणे. हजेरीची मूळ कल्पना अशी की, चाकराने धन्याच्या नजरेसमोर असावे. त्याने काय काम केले हा वेगळा प्रश्न झाला.

गैरहजेरीसाठी मराठीत ‘खाडा’ हा नेमका शब्द आहे. सलग चालणाऱ्या गोष्टीत पडलेला खंड म्हणजे खाडा. शेतावरची मोलकरीण, घरकामाची बाई, गिरणीतला कामगार, सगळ्यांचे खाडे मोजले जात. शाळा-कॉलेजात ‘दांडी मारणे’ रूढ झाले, सरकारी कचेरीत ‘लेटमार्क’ आणि ‘बिनपगारी रजा’ आली. एकाच गोष्टीसाठी इतके शब्द असणे हे त्या गोष्टीचे सामाजिक महत्त्व सांगते. यांपैकी ‘खाडा’ हा शब्द पुढे कामगार कायद्याच्या इतिहासात महत्त्वाचा ठरला. तो भाग आपण पाचव्या मुद्द्यात पाहू.

३. गिरणी आणि लोखंडे यांची मागणी

मुंबईतील पहिली कापड गिरणी कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये स्थापन केली आणि १८५६ मध्ये तिचे उत्पादन सुरू झाले. कोकण आणि देशावरून आलेल्या शेतकरी कुटुंबांतील माणसांना येथे प्रथमच यंत्राच्या वेळेशी जुळवून घ्यावे लागले. शेतीत काम जड असते, पण ते ऋतूप्रमाणे कमी-जास्त होते. गिरणीत इंजिन सुरू झाले की प्रत्येकाला आपल्या साच्यापाशी उभे राहावेच लागे. विजेचे दिवे येण्यापूर्वी काम उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत चाले, म्हणून उन्हाळ्यात दिवस लांबे. विसाव्या शतकाच्या आरंभी गिरण्यांत वीज आली आणि रात्रीच्या अंधाराने घातलेली मर्यादाही गेली.

१८८१ च्या पहिल्या फॅक्टरी कायद्याने फक्त मुलांच्या कामावर मर्यादा घातली : ७ ते १२ वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला ९ तास आणि महिन्यातून चार सुट्ट्या. प्रौढ कामगारांना साप्ताहिक सुट्टी नव्हती. या पार्श्वभूमीवर ‘दीनबंधु’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी सप्टेंबर १८८४ मध्ये मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या. सरकारने नेमलेल्या फॅक्टरी कमिशनपुढे ५,५०० कामगारांच्या सह्यांचा अर्ज गेला. त्यातील मागण्या अशा होत्या : रविवारी सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त अशी कामाची वेळ, मागील महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या १५ तारखेपर्यंत, आणि कामावर जखमी झालेल्यास भरपाई.

या यादीत पगारवाढ नाही, हे विद्यार्थ्यांनी लक्षात घ्यावे. बहुतेक मागण्या वेळेविषयीच्या आहेत. कामगार काम टाळू पाहत नव्हते. आपला दिवस कोठे सुरू होतो आणि कोठे संपतो, हे ठरलेले असावे, एवढेच त्यांचे म्हणणे होते. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मी येथे सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली. तीत दोन कामगार स्त्रियांनीही भाषणे केली. १० जून १८९० रोजी गिरणी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. १८९१ च्या कायद्याने साप्ताहिक सुट्टीला कायद्याचा आधार मिळाला. ही सुट्टी पुढे कोणत्याही मंदीत वा तेजीत मागे घेतली गेली नाही.

४. प्लेग : संकटातील सवलत

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात प्लेग उघडकीस आला. पुढील काही महिन्यांत लाखो लोकांनी शहर सोडले. गिरण्यांतील साचे माणसांअभावी थांबू लागले. ज्या मालकांनी आजवर महिन्याचा पगार आठवडे-आठवडे अडकवून कामगाराला बांधून ठेवले होते, तेच आता रोजच्या रोज रोख मजुरी द्यायला तयार झाले. दुसऱ्या गिरणीचे कामगार जास्त मजुरीच्या आमिषाने ओढले जाऊ लागले. मालकांच्या संघटनेला ही चढाओढ थांबवावीशी वाटत होती, परंतु माणसेच नसल्याने ती थांबेना.

थोडक्यात, १८९७ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगाराला अटी घालता येत होत्या. आज काम केले की आज पैसे, आणि उद्या यायचे की नाही हे उद्या ठरवायचे. मात्र साथ ओसरत गेली, गावाकडची माणसे परतली, तशी रोजची मजुरी मागे पडली आणि महिन्याचा, उशिरा मिळणारा पगार पुन्हा रूढ झाला. पगार वेळेवर मिळावा ही लोखंडे यांची १८८४ ची मागणी कायद्यात यायला १९३६ साल उजाडावे लागले. लोखंडे स्वतः प्लेगच्या काळात मदतकार्य करत असता त्याच साथीत ९ फेब्रुवारी १८९७ रोजी वारले.

या दोन घटना शेजारी ठेवून पाहाव्यात. रविवारची सुट्टी मागणीतून आली, दोन्ही बाजूंमध्ये ठरली आणि पुढे कायद्यात लिहिली गेली, म्हणून ती टिकली. रोजची मजुरी मालकाच्या अडचणीतून आली. तिचा करार नव्हता, नियम नव्हता, म्हणून अडचण संपताच तीही संपली. २०२० नंतरच्या घटना समजून घेताना हा फरक आपल्याला उपयोगी पडणार आहे.

५. ‘डबल खाडा’ आणि १९३६ चा कायदा

गिरणीतली हजेरी प्रत्यक्षात जॉबरच्या हाती असे. कामगार भरती करणे, त्याच्यावर देखरेख ठेवणे, गावी गेल्यास त्याची जागा राखणे किंवा न राखणे, हे सारे तोच पाही, आणि त्यासाठी दस्तुरी घेई. गैरहजर कामगाराच्या जागी ‘बदली’ कामगार लावला जाई. काम मिळेल या आशेने बदली कामगार रोज सकाळी गिरणीच्या फाटकाशी उभे राहत. १९३५ मध्ये मुंबईत बदली नियंत्रण योजना आली आणि ठरावीक बदली कामगारांना कार्डे मिळू लागली. येथे एक विरोधाभास दिसतो. कायम कामगाराला न आल्याबद्दल शिक्षा होती, आणि बदली कामगाराला रोज येऊनही कामाची खात्री नव्हती.

गैरहजेरीची सर्वांत कठोर शिक्षा ‘डबल खाडा’ या नावाने ओळखली जाई. एक दिवस खाडा झाला तर दोन दिवसांची मजुरी कापायची. पहिला दिवस न केलेल्या कामाचा, दुसरा दिवस शिक्षेचा. गावी पेरणी असो वा घरात बाळंतपण, हिशोब तोच. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात सरकारी पाहण्यांत या प्रथेची नोंद झाली आणि पुढे मजुरांविषयीच्या रॉयल कमिशनने (१९२९-३१) मजुरीतील कपातींवर कायद्याने नियंत्रण आणण्याची शिफारस केली.

त्यातून १९३६ चा वेतन अदायगी कायदा आला. त्यातील नववे कलम आपल्या विषयाच्या दृष्टीने कळीचे आहे. गैरहजेरीबद्दलची कपात ही गैरहजेरीच्या कालावधीच्या प्रमाणातच असावी, त्याहून अधिक नसावी, असे ते सांगत असे. एक दिवस खाडा तर एकच दिवसाची कपात. दहा किंवा अधिक कामगार संगनमताने सूचना न देता गैरहजर राहिले तर आठ दिवसांपर्यंत मजुरी कापता येईल, असा अपवादही ठेवला गेला. संपाची भीती त्यामागे होती हे उघड आहे. दंड रुपयामागे अर्ध्या आण्यापेक्षा जास्त नको, कामगाराला म्हणणे मांडण्याची संधी द्यावी, दंडाच्या पैशांचा विनियोग कामगारांच्या हितासाठीच व्हावा, पगार पुढील महिन्याच्या सातव्या वा दहाव्या दिवसापर्यंत द्यावा, अशाही तरतुदी झाल्या.

मात्र कायद्याला पगाराची मर्यादा होती. सुरुवातीला दरमहा २०० रुपयांपेक्षा कमी वेतन असणाऱ्यांनाच तो लागू होता. ही मर्यादा वेळोवेळी वाढून २०१७ मध्ये २४,००० रुपये झाली. चांगल्या पगाराचा नोकरदार स्वतःची काळजी घेईल, असे यामागचे गृहीतक होते.

६. स्थायी आदेश : नियम लेखी आणि ठरवून

गैरहजेरीची शिक्षा किती, हा एक प्रश्न झाला. हजेरीचा नियम मुळात कोण ठरवतो, हा दुसरा. १९२८ च्या मुंबईतील सहा महिन्यांच्या गिरणी संपात हा प्रश्न पुढे आला. संपानंतर नेमलेल्या फॉसेट समितीपुढे मजुरीबरोबरच मालकांनी तयार केलेल्या नियमावलीचीही छाननी झाली. १९३८ च्या मुंबई औद्योगिक विवाद कायद्याने असे नियम, म्हणजेच स्थायी आदेश, करणे सक्तीचे केले, आणि १९४६ मध्ये केंद्रीय औद्योगिक सेवायोजन (स्थायी आदेश) कायदा आला.

या कायद्याच्या परिशिष्टात स्थायी आदेशांत कोणकोणते विषय हवेत याची यादी होती. कामाच्या वेळा, पाळ्या, रजा मागण्याची पद्धत आणि ‘हजेरी व उशिरा येणे’ हे विषय त्यात स्पष्टपणे येत. मालकाने मसुदा करायचा, प्रमाणन अधिकाऱ्याने तो कामगार संघटनेकडे पाठवायचा, हरकती ऐकायच्या, मगच नियम अमलात यायचे. एका रात्रीत परिपत्रक काढून हजेरीचा नियम बदलता येऊ नये, हा त्यामागील विचार होता.

७. कचेरीची वेळ

आतापर्यंत आपण गिरणीचा विचार केला. कचेरीतील बाबूचा अनुभव थोडा निराळा होता. त्याचे काम साच्याला बांधलेले नव्हते, पण त्याची हजेरी साहेबाच्या नजरेला बांधलेली होती. मस्टरवर सही, ठरावीक मिनिटांनंतर लाल शाईची खूण, आणि उशिराच्या खुणा साठल्या की किरकोळ रजेवर गदा. केंद्र सरकारच्या नियमांत प्रत्येक उशिरासाठी अर्धा दिवस किरकोळ रजा खर्ची टाकण्याची आणि महिन्यातून दोनदा तासाभरापर्यंतचा उशीर माफ करण्याची तरतूद आहे.

खासगी दुकाने व कचेऱ्यांसाठी मुंबई प्रांताने १९३९ मध्ये देशातील पहिला दुकाने व आस्थापना कायदा केला. म्हैसूर राज्याने १९६१ मध्ये आपला कायदा केला. राज्याचे नाव १९७३ मध्ये कर्नाटक झाले आणि कायद्याचेही नाव बदलले. दिवसाला ९ तास आणि आठवड्याला ४८ तास ही त्यातील मूळ मर्यादा. आज म्हैसूरच्या संगणक-कंपन्यांत बसणारा अभियंताही कामाच्या तासांपुरता याच कायद्याखाली येतो.

आणीबाणीत (१९७५-७७) सरकारी कर्मचारी वेळेवर येऊ लागले, याचा मोठा गाजावाजा झाला. १९८५ मध्ये केंद्र सरकारने पाच दिवसांचा आठवडा स्वीकारला. २०१४ मध्ये केंद्रीय कार्यालयांत आधारशी जोडलेली बायोमेट्रिक हजेरी आली. महाराष्ट्र सरकारने २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा लागू केला, पण त्याबरोबर रोजचा कामाचा वेळ ४५ मिनिटांनी वाढवला. कार्यालयीन वेळ सकाळी ९.४५ ते सायंकाळी ६.१५ अशी झाली. म्हणजे येथे काही दिले आणि काही घेतले. दोन्ही बाजू उघड, लेखी होत्या.

वेळेतील लवचिकता ही कल्पनाही अगदी नवी नाही. जर्मनीत म्युनिकजवळच्या एका विमान-उद्योगाने १९६७ मध्ये लवचिक वेळ सुरू केली, ती फाटकाशी होणारी वाहनांची कोंडी टाळण्यासाठी. मुंबईच्या गिरण्यांतही वाइंडिंग आणि रीलिंग खात्यांतील स्त्रिया पीसवर, म्हणजे केलेल्या मालावर मजुरी घेत, आणि घरचे आवरून पुरुषांपेक्षा उशिरा येण्याची मुभा त्यांना बऱ्याचदा मिळे. जेथे काम मोजता येत होते, तेथे हजेरी सैल होती.

८. म्हैसूर : संकुलातील हजेरी

म्हैसूर हे कचेऱ्या आणि सरकारी कारखाने यांचे जुने शहर. वाडियार राजांच्या काळात येथे १९१२ मध्ये रेशीम विणकाम कारखाना आणि १९३७ मध्ये लाख व रंग कारखाना निघाला. निवडणुकीत मतदाराच्या बोटाला लावली जाणारी शाई १९६२ पासून याच रंग कारखान्यात तयार होते. शहराच्या नव्या ओळखीचा संबंध मात्र पुण्याशी आहे. १९८१ मध्ये सात अभियंत्यांनी १०,००० रुपयांच्या भांडवलावर पुण्यात इन्फोसिस सुरू केली. १९८३ मध्ये ती बंगळुरूला गेली. संस्थापकांपैकी नारायण मूर्ती यांचे अभियांत्रिकी शिक्षण म्हैसूरमध्ये झालेले. या कंपनीने म्हैसूरला जागतिक शिक्षण केंद्र उभारले. त्याच्या दुसऱ्या टप्प्याचे उद्घाटन सप्टेंबर २००९ मध्ये झाले, आणि दोन्ही टप्पे मिळून एका वेळी सुमारे १४,००० जणांना प्रशिक्षण देण्याची क्षमता झाली.

महाराष्ट्रातील अभियांत्रिकी महाविद्यालयांतून निवडलेल्या असंख्य मुलामुलींनी नोकरीचे पहिले महिने येथे काढले आहेत. राहणे, जेवणे, शिकणे, खेळणे सारे एकाच आवारात. प्रवेशपत्र दाखवल्याशिवाय दार उघडत नाही, म्हणून हजेरी वेगळी घ्यावीच लागत नाही. गिरणगावात चाळ आणि गिरणी शेजारी होत्या, पण चाळ गिरणीच्या फाटकाबाहेर होती. येथे वसतिगृह फाटकाच्या आत आले.

मार्च २०२० च्या टाळेबंदीत ही व्यवस्था काही दिवसांत उलटी झाली. कंपन्यांचे जवळजवळ सर्व कर्मचारी घरी गेले आणि काम चालू राहिले. सरकारनेही नियम सैल केले. नोव्हेंबर २०२० मध्ये दूरसंचार खात्याने घरून सेवा देण्यावरील बंधने कमी केली. विशेष आर्थिक क्षेत्रांतील कंपन्यांसाठी जुलै २०२२ मध्ये ‘४३-अ’ हा नियम आला आणि निम्म्या कर्मचाऱ्यांना एका वर्षापर्यंत घरून काम करण्याची परवानगी मिळाली. पुढे ती आणखी सैल झाली. कर्नाटक सरकारने ‘बियॉन्ड बेंगळुरू’ या धोरणाखाली म्हैसूर, हुबळी, मंगळुरू या शहरांना पुढे आणले. मार्च २०२३ मध्ये बंगळुरू-म्हैसूर द्रुतगती मार्गाचे उद्घाटन झाले. म्हैसूरमध्ये राहून बंगळुरूचे काम करता येईल, असे चित्र उभे राहिले. काहींनी घरे घेतली, काहींनी आईवडिलांजवळ राहणे पसंत केले, मुले इथल्या शाळेत घातली.

नंतर वारे फिरले. ऑक्टोबर २०२३ पासून टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने आठवड्याचे पाचही दिवस कार्यालयात येण्यास सांगितले. इन्फोसिसने नोव्हेंबर २०२३ मध्ये कनिष्ठ व मधल्या स्तरांवरील कर्मचाऱ्यांना महिन्यातून १० दिवस येण्यास सांगितले, आणि १० मार्च २०२५ पासून हा नियम हजेरीच्या संगणकप्रणालीतूनच अमलात आणला. ऑक्टोबर २०२३ मध्येच तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावे, हे नारायण मूर्ती यांचे मत देशभर चर्चेचा विषय झाले होते.

दहा दिवस म्हणजे फारसे नाही, असे कोणी म्हणेल. एक हिशोब करून पाहू. समजा एखादी कर्मचारी म्हैसूरला राहते, तिचे कार्यालय बंगळुरूच्या दुसऱ्या टोकाला आहे, आणि घरापासून खुर्चीपर्यंत एका बाजूला तीन तास लागतात. दहा दिवसांचे ६० तास होतात. कायद्याने ठरवलेला पूर्ण आठवडा ४८ तासांचा आहे. म्हणजे तिच्यासाठी हा नियम महिन्याला एका आठवड्याहून अधिक विनावेतन वेळ मागतो. हा वेळ कंपनीच्या कोणत्याही नोंदीत दिसत नाही.

९. डबल खाडा परत आला का?

एप्रिल २०२४ मध्ये टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने पगाराचा बदलता भाग हजेरीशी जोडला. त्या वेळच्या वृत्तांनुसार टप्पे असे होते : ८५ टक्क्यांहून अधिक हजेरी असल्यास पूर्ण रक्कम, ७५ ते ८५ टक्के असल्यास तीन चतुर्थांश, ६० ते ७५ टक्के असल्यास निम्मी, आणि ६० टक्क्यांखाली शून्य. ६० टक्क्यांच्या किंचित खाली हजेरी असलेल्याने निम्म्याहून अधिक दिवस कार्यालयात काढले, तरी बदलती रक्कम सगळी गेली. कपात गैरहजेरीच्या प्रमाणात नाही.

१९३६ च्या कायद्याने डबल खाडा मोडला होता तो याच मुद्द्यावर. पण दोन फरक लक्षात घ्यावेत. पहिला कायदेशीर आहे. बदलती रक्कम ही ‘वेतनातील कपात’ मानली जात नाही, ती अट पूर्ण न झाल्याने न मिळालेली रक्कम ठरते. शिवाय जुन्या कायद्याची २४,००० रुपयांची मर्यादा बहुसंख्य अभियंत्यांना बाहेर ठेवत होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेने ही मर्यादा काढून टाकली आणि प्रमाणशीर कपातीचे तत्त्व कायम ठेवले. परंतु बदलत्या रकमेला ते लावायचे की नाही, हा वाद त्यामुळे मिटत नाही. दुसरा फरक अधिक मूलभूत आहे. डबल खाड्यातील कामगाराने त्या दिवशी काम केलेले नव्हते. आजच्या कर्मचाऱ्याने त्या दिवशी घरून पूर्ण काम केलेले असू शकते. त्याचा खाडा कामात पडलेला नाही, फक्त जागेत पडला आहे.

मग नियमाविरुद्ध दाद कोठे मागायची? स्थायी आदेशांचा कायदा याच कामासाठी होता. परंतु कर्नाटक सरकारने माहिती-तंत्रज्ञान उद्योगाला त्यातून सूट दिली, आणि जून २०२४ मध्ये ती पुन्हा पाच वर्षांसाठी वाढवली. तक्रार निवारण समिती ठेवणे, शिस्तभंगाच्या कारवाईची माहिती कामगार खात्याला कळवणे अशा अटी सूट देताना घातल्या गेल्या. परंतु हजेरीचा नियम कामगारांपुढे मांडून, हरकती ऐकून प्रमाणित करून घेण्याची पायरी सुटली. २०१७ मध्ये स्थापन झालेल्या कर्नाटकातील माहिती-तंत्रज्ञान कर्मचारी संघटनेने या सवलतीला सातत्याने विरोध केला आहे. १८८४ मध्ये ५,५०० सह्या जमवता आल्या, कारण सगळे एकाच फाटकातून बाहेर पडत. घरून काम करणाऱ्यांना एकमेकांचे चेहरेही माहीत नसतात.

१०. मालकपक्षाची बाजू

इतिहासाच्या विद्यार्थ्याने दुसरी बाजूही नीट समजून घ्यावी. नवशिका कर्मचारी अनुभवी सहकाऱ्याशेजारी बसून जे शिकतो ते पडद्यावर शिकत नाही, हे म्हणणे खोटे नाही. म्हैसूरचे प्रशिक्षण केंद्र याच समजावर उभे आहे. ग्राहकांची गोपनीय माहिती, विशेष आर्थिक क्षेत्रांच्या करसवलतींना जोडलेल्या अटी, ही कारणेही खरी आहेत. घरून काम करण्याची दुसरी बाजूही आहे. कामाला फाटक उरले नाही की सुटीचा भोंगाही उरत नाही. २०२५ च्या मध्यास इन्फोसिस घरून ठरल्यापेक्षा जास्त तास काम करणाऱ्यांना ताकीदवजा ई-मेल पाठवत असल्याच्या बातम्या आल्या होत्या. लोखंडे यांनी सूर्यास्ताची मर्यादा मागितली होती, तिची गरज घरातही पडते.

त्यामुळे ‘घर की कचेरी’ हा वाद जसा मांडला जातो तितका सरळ नाही. दोन्ही ठिकाणी काम करता येते आणि दोन्ही ठिकाणी माणूस पिळला जाऊ शकतो. नियम कामाच्या स्वरूपावरून ठरला की केवळ नजरेसमोर ठेवण्यासाठी, आणि ज्याच्या आयुष्यावर त्याचा परिणाम होतो त्याला विचारले गेले का, यावर बरेच अवलंबून आहे.

कायद्यात याचे एक छोटे उदाहरण आहे. प्रसूती लाभ कायद्यात २०१७ मध्ये झालेल्या सुधारणेनुसार, कामाचे स्वरूप तसे असेल तर प्रसूती रजेनंतर घरून काम करण्याची मुभा मालक देऊ शकतो, आणि त्याचा काळ व अटी दोघांनी मिळून ठरवायच्या असतात. यात सक्ती नाही, ही तिची मर्यादा. ब्रिटनमध्ये लवचिक कामाची मागणी करण्याचा हक्क २००३ मध्ये पालकांना, २०१४ मध्ये सर्व पात्र कर्मचाऱ्यांना आणि एप्रिल २०२४ पासून नोकरीच्या पहिल्या दिवसापासून मिळाला. मालक नकार देऊ शकतो, पण त्याला कारण द्यावे लागते.

११. समारोप

या घटकात आपण पाहिले की, हजेरी मोजणारा बदलत गेला : जॉबर, हेडक्लार्क, बोटाचा ठसा घेणारे यंत्र, आणि आता संगणकप्रणाली. मोजले जाते ते मात्र बहुधा तेच राहिले, माणूस समोर आहे की नाही. प्लेगमध्ये मिळालेली रोजची मजुरी आणि करोनाकाळात मिळालेली घरून काम करण्याची मुभा, या दोन्ही संकटातून आलेल्या सवलती होत्या. त्यांच्या भरवशावर लोकांनी आयुष्य बेतले, म्हैसूरमध्ये तर घरे बांधली. सवलत काढून घेतली गेली तेव्हा तक्रार करायला लेखी आधार नव्हता. उलट रविवारची सुट्टी, प्रमाणशीर कपात आणि प्रमाणित नियमावली या गोष्टी मागून, भांडून, लिहून घेतलेल्या होत्या. त्या टिकल्या, आणि जेथे त्यांतून सूट दिली गेली तेथे जुना प्रश्न पुन्हा उभा राहिला.

आपल्यापैकी बरेच जण लवकरच नोकरीचे पहिले पत्र हाती घेतील. त्यात पगाराचा आकडा पाहाल तसे कामाचे ठिकाण, हजेरीची अट आणि ती बदलण्याचा अधिकार कोणाकडे आहे, हे कलमही वाचावे.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. १८८४ च्या अर्जातील मागण्यांपैकी किती मागण्या वेळेशी संबंधित होत्या? त्यामागील कारणे स्पष्ट करा.
२. प्लेगच्या काळातील रोजची मजुरी टिकली नाही, पण रविवारची सुट्टी टिकली. का?
३. ‘डबल खाडा’ आणि हजेरीशी जोडलेली बदलती रक्कम यांतील साम्य व फरक लिहा.
४. स्थायी आदेशांच्या कायद्यातून एखाद्या उद्योगाला सूट दिल्याने हजेरीच्या नियमांवर काय परिणाम होतो?
५. आपल्या घरातील किंवा शेजारच्या तीन नोकरदारांशी बोला. गिरणी, सरकारी कचेरी, दुकान, संगणक-कंपनी असे त्यांचे कामाचे ठिकाण वेगवेगळे असावे. त्यांची हजेरी कशी घेतली जाई वा जाते, आणि उशीर झाल्यास काय होई, याची नोंद करून तुलना करा.